कौलनाम्यापासून अटकपूर्व जामिनापर्यंत

मनुष्यावर आरोप येणे आणि त्या आरोपापायी त्याला धरून नेणे, या दोन घटनांच्या मधला काळ बहुधा फार थोडा असतो. कधी एका रात्रीचा, कधी दोन-चार दिवसांचा, आणि कधी तर पोलीसपाटलाने हलकेच कानावर घातलेली बातमी व दारात येऊन थांबलेली गाडी यांच्यामधल्या घटकाभराचा. या काळात गुन्हा शाबीत झालेला नसतो, तपासही पुरता सुरू झालेला नसतो, साक्षीपुरावा न्यायासनासमोर यावयाचा असतो. तथापि ज्याने जन्मात कधी ठाण्याची पायरी चढलेली नाही अशा गृहस्थाच्या पतप्रतिष्ठेला, त्याच्या चरितार्थाला आणि त्याच्या घरातल्या माणसांच्या मनाला जी इजा व्हावयाची ती बहुतांशी याच काळाच्या शेवटी होऊन जाते, आणि पुढे काही वर्षांनी निर्दोष सुटल्याचा निकाल हाती आला तरी ती भरून निघत नाही. सरकारी नोकराचे उदाहरण घेतले तर हे अगदी उघड दिसते. महाराष्ट्र नागरी सेवांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला नोकर निलंबित झाला असेच मानले जाते, मग त्या कोठडीमागचा आरोप खरा असो वा सुडाने रचलेला असो.

या मधल्या काळात राज्यसत्तेने प्रजाजनाला काही अभय द्यावे की नाही, हा प्रश्न १ एप्रिल १९७४ रोजी, नवी फौजदारी प्रक्रिया संहिता अंमलात येऊन तिच्या कलम ४३८ ने अटकेच्या आधीच जामिनाचा हुकूम मागण्याची वाट मोकळी केली त्या दिवशी, प्रथम उपस्थित झाला असे कायद्याची पुस्तके वाचणाऱ्यास वाटते. परंतु तो प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात महाराष्ट्राचा व मराठी माणसांचा जो वाटा आहे तो आपल्याकडे कोणी फारसा सांगितलेला नाही.

मराठेशाहीच्या दप्तरांत कौलनामे आणि अभयपत्रे विपुल आढळतात. दुष्काळाने अथवा अंमलदाराच्या जुलमाने गाव सोडून परागंदा झालेली रयत, सरकारची इतराजी झाल्यामुळे रानात वा शेजारच्या मुलखात जाऊन राहिलेला जमीनदार, वेढा पडलेल्या गडावरची शिबंदी, या सर्वांना परत बोलवावयाचे तर आधी कौल द्यावा लागे. जीवितास व वित्तास उपसर्ग होणार नाही, कोणताही अंदेशा न धरता यावे, असे लेखी वचन हाती पडल्यावाचून भ्यालेला मनुष्य हुजुरांत रुजू होत नसे, आणि त्याने तसे होऊ नये हे हुजुरातही समजत असे. हा कौल म्हणजे हक्क नव्हता. तो मागता येत नसे, देणाराच्या मर्जीवर तो अवलंबून राही, आणि देणारा फिरला तर दाद कोणाकडे मागावी याला उत्तर नव्हते. तरीही, भयभीत माणसाला न्यायासमोर आणावयाचे तर आधी त्याचे भय घालवावे लागते, ही जाणीव त्या जुन्या कारभाऱ्यांना होती, आणि ती जाणीव मला फार मोलाची वाटते. कारण पुढे आलेल्या, कितीतरी अधिक नियमबद्ध अशा राजवटीत तीच शंभर-सव्वाशे वर्षे हरवून गेली.

कौल ज्याला मिळे तो बहुधा बलाढ्य असे किंवा मोठ्या जमावातला एक असे. एकट्यादुकट्या सामान्य माणसाला आधार होता तो जामिनाचा. त्या काळचा जामीन म्हणजे कागद नव्हे, माणूस. वादी-प्रतिवादींनी पंचायतीपुढे उभे राहण्यापूर्वी राजीनामे लिहून द्यावेत आणि निवाडा मान्य करू याबद्दल जामीनकतबे द्यावेत, असा शिरस्ता होता. अमुक मनुष्याला नेमलेल्या वेळी हजर करीन असे सांगणारा तो हाजिरजामीन, त्याच्याकडून पैसा वसूल न झाल्यास आपल्या पदरचा भरीन म्हणणारा मालजामीन, त्याच्या वर्तणुकीची हमी घेणारा चालजामीन, आणि या जामिनांचाही जामीन राहणारा तो आडजामीन. ज्याचे गावात घर, शिवारात शेत आणि भाऊबंदांत नाव, त्याच्यासाठी पाटील, देशमुख किंवा सावकार उभा राही, आणि मग सरकारी शिपायाला त्याला बेडी घालण्याचे प्रयोजन उरत नसे. गुजराथ-काठेवाडात हे जामीनपण भाट-चारणांनी पराकाष्ठेला नेले होते. दिलेला शब्द मोडला तर भाट त्रागा करून स्वतःच्या देहावर शस्त्र चालवी, आणि त्या पापाच्या भयाने मोठमोठे गिरासदार वचनास जागत. १८०७ साली कर्नल वॉकर बडोद्याच्या गायकवाडांच्या फौजेसह काठेवाडात उतरला आणि त्याने तेथल्या संस्थानिकांकडून खंडणीचे व शांततेचे करार करून घेतले, तेव्हा सद्वर्तनाची हमी म्हणून त्यांच्याकडून फैलजामिनाचेच कागद लिहवून घेण्यात आले.

या व्यवस्थेचे गुण सांगताना तिचा दोष झाकून ठेवू नये. ज्याच्यासाठी उभे राहणारे कोणी नाही, जो परगावचा आहे, जो गावकुसाबाहेरचा आहे, त्याला ती काहीएक संरक्षण देत नव्हती. १७९१ च्या पावसाळ्यात पुण्यात जे घडले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दक्षिणेच्या निमित्ताने शहरात आलेल्या तैलंगी ब्राह्मणांनी कोतवालाच्या बागेतली फळे तोडली असा बोभाटा झाला, आणि घाशीराम कोतवालाच्या माणसांनी त्यांना पकडून एका कोंदट जागेत रात्रभर डांबून ठेवले. सकाळी पाहतात तो त्यांतले कित्येक गुदमरून मेलेले. त्या ब्राह्मणांवर यापूर्वी काही आरोप आल्याचे कोणी म्हटले नव्हते, आणि आरोप होता तोही फळे तोडल्याचा. परंतु त्या शहरात त्यांचा हाजिरजामीन होण्यास कोणी नव्हते. शहर खवळले, घाशीरामाला लोकांच्या हवाली करण्यात आले आणि दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला, हा भाग नाटक-कथांमुळे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या गोष्टीचे सूडाचे टोक जितके लोकांच्या स्मरणात राहिले तितके तिचे पहिले टोक, म्हणजे चौकशीपूर्वीच्या कोंडवाड्याचे, राहिले नाही.

पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात त्याने पंचायतीची पद्धत आस्थेने वर्णन केली आणि फौजदारी न्यायाची मात्र पुष्कळ अव्यवस्था झालेली दाखविली. १८२७ चे मुंबई इलाख्याचे कायदे, १८६० ची दंडसंहिता आणि १८६१ ची फौजदारी प्रक्रिया संहिता अशा पायऱ्यांनी ती अव्यवस्था मोडीत निघाली. संहिता पुढे १८७२, १८८२ आणि १८९८ मध्ये नव्याने रचली गेली. गुन्ह्यांचे जामीनपात्र आणि अजामीनपात्र असे वर्ग पाडून, प्रत्येक गुन्ह्यापुढे पोलिसाने वॉरंटाशिवाय धरावे की नाही हे रकानेवार लिहून ठेवण्यात आले. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा अधिकार झाला, ही मोठी प्राप्ती होती, आणि ती इंग्रजी राज्याच्या पदरात मोकळ्या मनाने घातली पाहिजे. परंतु अजामीनपात्र गुन्ह्यात आधी कैद आणि मग अर्ज, हा क्रम पक्का झाला. मनुष्य ताब्यात आल्याशिवाय त्याला सोडण्याचा प्रश्नच कसा उद्भवेल, असा तो तर्क होता. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष, आणि माणसाच्या दृष्टीने अपुरा.

तो किती अपुरा होता हे महाराष्ट्राने लोकमान्य टिळकांच्या तीन प्रकरणांत पाहिले. २७ जुलै १८९७ रोजी मुंबईत टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. ते पकडले गेले तेव्हा कायदे कौन्सिलाचे सभासद होते, दोन वृत्तपत्रांचे संपादक होते, आणि पळून जाण्याची कल्पना त्यांच्या शत्रूंनाही सुचली नसती. तरी मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, उच्च न्यायालयात पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे केलेला अर्जही त्या वेळी फेटाळला गेला. खटला सेशनकडे कमिट झाल्यावर पुन्हा अर्ज करण्यात आला, टिळकांतर्फे बॅरिस्टर दिनशा दावर यांनी बाजू मांडली, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला. आरोपीला आपला बचाव तयार करण्यास मोकळीक असली पाहिजे, आणि निर्दोष ठरण्याचा संभव असलेल्या माणसाला आधीच तुरुंगवास भोगावयास लावणे न्यायाचे नव्हे, ही दृष्टी त्या हुकुमामागे होती. त्या काळच्या वातावरणात, प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर अवघ्या काही आठवड्यांत, असा हुकूम देण्यास जे धैर्य लागले त्याबद्दल तय्यबजींचे नाव मराठी माणसाने कृतज्ञतेने घेतले पाहिजे. अकरा वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, टिळक पुन्हा त्याच न्यायालयात आरोपी म्हणून उभे होते. जामिनासाठी त्यांच्या बाजूने जीना बोलत होते, आणि अर्ज नाकारणारे न्यायाधीश होते तेच दिनशा दावर, ज्यांनी १८९७ साली तो मिळवून दिला होता. कायद्याची भाषा दोन्ही वेळी जवळजवळ तीच होती. यावरून जामिनाचा प्रश्न कलमाच्या शब्दांपेक्षा न्यायासनावर बसलेल्या माणसाच्या वृत्तीवर किती अवलंबून असतो हे दिसून येते, आणि पुढच्या सर्व इतिहासात ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिसरे प्रकरण १९१६ चे. होमरूलच्या व्याख्यानांबद्दल पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. जुना चालजामीनच नव्या संहितेच्या कलम १०८ मध्ये येऊन बसला होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

टिळकांचे प्रकरण असामान्य माणसाचे होते. सामान्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरलेला निर्णय दूर अलाहाबादेस लागला, आणि त्याच्या शिरावर एका मराठी कामगार-पुढाऱ्याचे नाव आहे. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड होऊन मीरत कटाच्या खटल्यात जी माणसे गोवली गेली, त्यांत डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, अधिकारी, आळवे, कासले अशी मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे-कामगारांच्या चळवळीतली कितीतरी नावे होती. मुंबईत पकडलेल्या या माणसांना शेकडो कोस दूर मीरतला नेऊन ठेवण्यात आले, आणि निकाल लागला तो १९३३ च्या जानेवारीत. म्हणजे शिक्षा ठरण्यापूर्वीच पुष्कळांची जवळजवळ चार वर्षे गेली. जी. आय. पी. रेल्वेच्या कामगार संघटनेतले केशव नीळकंठ जोगळेकर यांच्या जामीन-अर्जावर १९३१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितले की, संहितेच्या कलम ४९८ ने उच्च आणि सत्र न्यायालयांना जो अधिकार दिला आहे तो आधीच्या कलमातल्या निर्बंधांनी जखडलेला नाही. त्याच खटल्यातल्या हचिन्सन या आरोपीच्या प्रकरणात, ज्या बाबतीत कायदेमंडळाने न्यायाधीशाचा विवेक मोकळा ठेवला आहे तेथे न्यायालयांनीच आपल्याला नियमांच्या बेड्या घालून घेऊ नयेत, असा अभिप्राय आला. हे अभिप्राय पुढे एकोणपन्नास वर्षांनी एका मराठी सरन्यायाधीशाच्या हातून पुन्हा उजेडात यावयाचे होते.

मधल्या काळात अटकेपूर्वीच जामीन देता येतो का, हा वाद उच्च न्यायालयांतून धुमसत राहिला. फाळणीने पंजाबचे दोन तुकडे झाल्यावर तर एकाच कायद्याचे दोन अर्थ सीमेच्या दोन बाजूंना लागले. लाहोरच्या न्यायालयात न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांनी हिदायतुल्ला खान प्रकरणात, केवळ मानहानीसाठी केल्या जाणाऱ्या अटकेपासून आधीच संरक्षण देता येते असे मानले. आणि सिमल्यास भरणाऱ्या पूर्व पंजाबच्या न्यायालयाच्या पूर्णपीठाने अमीरचंद प्रकरणात त्याच सुमारास, मनुष्य कैदेत असल्याखेरीज कलम ४९८ चा अधिकार चालत नाही असे ठरविले. पाकिस्तानात कॉर्नेलियसांचे मत टिकले. भारतात बहुसंख्य न्यायालयांचे मत अमीरचंदाच्या बाजूचे राहिले, आणि त्यामुळे येथे हा अधिकार कायदेमंडळाने लिहून दिल्यावाचून मिळणार नाही हे स्पष्ट झाले.

तो लिहून देण्याची शिफारस विधी आयोगाने सप्टेंबर १९६९ च्या एकेचाळिसाव्या अहवालात केली. वजनदार माणसे आपल्या प्रतिस्पर्ध्यांना बदनाम करण्यासाठी खोट्या खटल्यांत अडकवतात, त्यांना काही दिवस तरी कोठडीत बसविण्याची तजवीज करतात, आणि राजकीय चुरस वाढत चालल्यामुळे ही प्रवृत्तीही वाढत आहे, असे निदान आयोगाने केले. दुसरीही एक गोष्ट त्याने मांडली: जो आरोपी पळून जाणार नाही आणि सुटल्यावर मोकळीकीचा दुरुपयोग करणार नाही असे मानण्यास आधार आहे, त्याने आधी कैदेत जावे, काही दिवस तेथे राहावे आणि मग जामिनासाठी अर्ज करावा, यात काही स्वारस्य नाही. माझ्या मते या दोहोंत दुसरे कारण अधिक खोल आहे. पहिल्यात राजकारणातल्या माणसाची चिंता आहे, तर दुसऱ्यात कोणाही माणसाची. आणि जो प्रथमच आरोपाच्या तडाख्यात सापडला आहे, ज्याचे घर-दार, नोकरी, मुलेबाळे एका गावी रुजलेली आहेत, त्याचे रक्षण या दुसऱ्या वाक्यात आहे. विधेयक तयार झाल्यावर नव्या आयोगाने जुलै १९७२ च्या अठ्ठेचाळिसाव्या अहवालात त्याची तपासणी केली. या आयोगाचे अध्यक्ष होते माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, सातारच्या शास्त्री-पंडितांच्या घराण्यातले, मीमांसेची परंपरा घरात असलेले. त्यांच्या आयोगाने ही तरतूद उपयुक्त म्हणून स्वीकारली, पण तिचा वापर अगदी अपवादात्मक प्रसंगीच व्हावा असे बजावले, आणि सरकारी वकिलास नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून अंतिम हुकूम होऊ नये, आधी दिला तर तो हंगामी असावा, अशी सूचना केली. संसदेने मूळ कलमात या सूचना घातल्या नाहीत.

कलम आले आणि सव्वा वर्षात आणीबाणी आली. मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धतेला हे कलम लागू पडणारे नव्हतेच. उत्तर प्रदेशाने १९७६ साली आपल्या राज्यापुरते ते काढूनच टाकले, आणि तेथल्या कोट्यवधी प्रजाजनांना ते परत मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. त्रेचाळीस वर्षे त्या प्रांतात, अटकेच्या भयाने ग्रासलेल्या माणसाला उच्च न्यायालयात रिट अर्ज घेऊन धावण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७६ च्या बालचंद जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हा अधिकार असाधारण आहे यावरच भर दिला. याच वर्षी २८ एप्रिलला, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाची दाद मागता येत नाही असा जो निकाल लागला, त्याच्या बहुमतात पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. हे येथे सांगणे भाग आहे. कारण पुढे सरन्यायाधीश झाल्यावर ९ एप्रिल १९८० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठातर्फे अटकपूर्व जामिनाच्या कलमाला ज्यांनी खरा प्राण दिला, ते हेच चंद्रचूड होत. एकाच लेखणीतून चार वर्षांच्या अंतराने ही दोन टोके निघाली, आणि दोन्ही नोंदल्यावाचून त्या लेखणीचे मोजमाप होत नाही.

ते प्रकरण गुरबक्षसिंग सिब्बिया यांचे. पंजाबच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे व वीज खाते सांभाळलेल्या या गृहस्थांवर भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप होते, आणि पंजाब-हरियाणा न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यांचा अर्ज फेटाळताना या अधिकाराभोवती आठ सूत्रांचे कुंपण घातले होते. चंद्रचूडांनी ते कुंपण बहुतांशी उखडले. कायदेमंडळाने जे निर्बंध लिहिले नाहीत ते न्यायालयाने कलमात वाचू नयेत. अटकेची भीती केवळ मनाची धास्ती नसावी, तिला वाजवी आधार हवा, पण गुन्ह्याची खबर नोंदलेलीच असली पाहिजे असे नाही. आणि दुसऱ्या बाजूने, कोणत्याही गुन्ह्यात केव्हाही पकडू नये असा सरसकट हुकूम मात्र देता येणार नाही, कारण त्याने तपासाचे हातच बांधले जातील. या निकालात त्यांनी मीरतच्या त्या दोन निर्णयांचा मुद्दाम उल्लेख केला, आणि जोगळेकरांच्या अर्जातून निघालेले तत्त्व स्वतंत्र भारताच्या कायद्यात पुन्हा बसविले.

सिब्बियानंतर उच्च व सत्र न्यायालयांत अर्जांची रीघ लागली. ती रीघ आवरावी, आणि विवेकाला काही मोजमाप द्यावे, म्हणून महाराष्ट्राने जे केले ते केंद्राच्याही आधी केले. १९९३ च्या राज्य अधिनियमाने, त्या वर्षीच्या २८ जुलैपासून, महाराष्ट्रापुरते कलम ४३८ नव्याने लिहिले गेले. आरोपाचे स्वरूप व गांभीर्य, अर्जदाराचा पूर्वेतिहास, त्याची मानहानी हाच आरोपामागचा हेतू असण्याचा संभव, आणि तो पळून जाण्याची शक्यता, या गोष्टी न्यायालयाने पाहाव्यात असे त्यात ठरले. हंगामी हुकूम देता येईल, पण सरकारी वकिलास किमान सात दिवसांची नोटीस गेली पाहिजे, हा गजेंद्रगडकर आयोगाचा जुना आग्रहही त्यात आला. पूर्वेतिहासाच्या सूत्रात असे शब्द होते की, अर्जदाराने यापूर्वी एखाद्या दखलपात्र गुन्ह्यात दोषी ठरून कारावास भोगला आहे काय, हेही पाहावे. या एका सूत्राने, ज्याच्या नावावर पूर्वी काहीच नाही अशा माणसाचा निष्कलंकपणा या कलमाच्या मजकुरात तोलण्याची बाब झाला. २००५ साली संसदेने जवळजवळ हीच सूत्रे देशभरासाठी मंजूर केली. ती दुरुस्ती अंमलात मात्र कधी आणली गेली नाही.

सूत्रात पूर्वी भोगलेली शिक्षा विचारली होती, आणि सत्र न्यायालयाच्या रोजच्या कामात विचारले जाते ते मात्र पूर्वी नोंदलेले गुन्हे; या दोहोंतली तफावत लहान नाही. सरकार पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणे, दाखल होतो, त्यात तपास अधिकाऱ्याने अर्जदारावरच्या पूर्वगुन्ह्यांची यादी जोडलेली असते, आणि त्या यादीतले किती खटले सुटले, किती तडजोडीने मिटले, किती वर्षानुवर्षे पडून आहेत, हे सांगण्याचा भार अर्जदारावर येतो. यादी कोरी असली तर न्यायाधीशाचे मन जामिनाकडे झुकते, हंगामी संरक्षण मिळते, सोमवारी आणि गुरुवारी ठाण्यात हजेरी लावावी, साक्षीदारांना भेटू नये, परवानगीवाचून देश सोडू नये, अशा अटी पडतात, आणि तो गृहस्थ घरी परततो. १९८३ साली दंडसंहितेत आलेल्या कलम ४९८-अ खाली सुनेच्या फिर्यादीवरून ज्या घरांतली म्हातारी माणसे आणि दूर नांदणाऱ्या नणंदा आरोपी म्हणून गोवल्या गेल्या, त्यांना हा आधार फार मोठा होता. त्याच घरांत सुनेचा छळ खरा झालेला असतो, हेही न्यायालयांना दररोज दिसते. तेव्हा कोऱ्या यादीला किती वजन द्यावे हे आरोप पाहूनच ठरवावे लागते. घराच्या चार भिंतींत होणाऱ्या गुन्ह्याला पूर्वीची यादी बहुधा नसतेच.

आणखी एक क्षेत्र असे आहे की जेथे संसदेने जाणूनबुजून हे दार बंद ठेवले. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १८ ने अटकपूर्व जामिनाची तरतूद त्या गुन्ह्यांना लागू नाही असे सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ते वैध ठरविले. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने हे दार किलकिले केले. देशभर तीव्र प्रतिक्रिया उमटली, संसदेने त्याच वर्षी १८-अ हे कलम घालून ते पुन्हा लावले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये, वरकरणीसुद्धा गुन्हा दिसत नसेल तेवढ्यापुरती फट ठेवून, ते मान्य झाले. मला हा अपवाद योग्य वाटतो. गावात ज्याचा शब्द चालतो त्या आरोपीने हंगामी हुकूम खिशात घालून फिर्यादीच्या वस्तीवरून फिरावे, आणि फिर्यादीने फिर्याद मागे घ्यावी, हे टाळण्यासाठीच तो आहे. जुन्या जामीनव्यवस्थेत गावकुसाबाहेरच्या माणसाला उभे राहणारे कोणी नव्हते हे ज्याने पाहिले आहे त्याला त्याचे प्रयोजन निराळे समजावून सांगावे लागत नाही.

हुकुमाची मुदत किती, हा वाद मात्र बराच काळ चालला, आणि त्यातले दोन मुख्य निर्णय महाराष्ट्राच्या प्रकरणांवरचे आहेत. १९९५ च्या अखेरीस सलाउद्दीन शेख प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे हुकूम अल्पमुदतीचे असावेत असे म्हटले. २ डिसेंबर २०१० रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या सिद्धराम म्हेत्रे प्रकरणात दुसऱ्या पीठाने सिब्बियाचा आधार घेऊन मुदतीची अट अमान्य केली. आणि २९ जानेवारी २०२० रोजी सुशीला अगरवाल प्रकरणात पाच न्यायाधीशांनी, सामान्यतः हे संरक्षण खटला संपेपर्यंत चालू शकते, असा निर्वाळा देऊन हा वाद मिटविला.

आता हे सर्व पुन्हा नव्या कागदावर आले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८२ जुन्या कलम ४३८ च्या जागी आहे, आणि त्यात विचारात घ्यावयाच्या बाबींची यादी नाही. महाराष्ट्राची १९९३ ची दुरुस्ती जुन्या संहितेबरोबर मागे पडली. न्यायाधीशाने अर्जदाराचा पूर्वेतिहास पाहू नये असे कोणी म्हणत नाही, पण तो पाहा असे सांगणारा मजकूरही आता नाही. उलट त्याच संहितेच्या कलम ४७९ मध्ये, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या प्रथम गुन्हेगाराचा स्पष्ट उल्लेख आहे: गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ कच्च्या कैदेत गेला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडावे, आणि त्यासाठी अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंगाच्या अधीक्षकावर आहे. फाशीच्या आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही.

पण ही कलमे गरिबापर्यंत कितपत पोचतात, हेही पाहिले पाहिजे. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. त्याला सोडण्याचा हुकूम झाला, मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो हुकूम बदलून त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडविले. मोतीरामासारख्या माणसाला अटकेची बातमी आधी कळत नाही. कळली तरी सत्र न्यायालयात त्याच संध्याकाळी अर्ज गुदरणारा वकील त्याच्या ओळखीचा नसतो. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याला मिळतो तो बहुधा रिमांडच्या पहिल्या पेशीला, म्हणजे अटक झाल्यावर. तो वकील अटकेच्या आधी, नोटीस हाती पडताच, तालुक्याच्या ठिकाणी मिळाला पाहिजे. आणि कलम ४७९ ने प्रथम गुन्हेगार हे जे नाव कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढलेल्या माणसासाठी वापरले आहे ते कलम ४८२ मध्ये, पहिल्याच आरोपाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसासाठी, लिहिले गेले पाहिजे.